सहाणेवरची गोळी

आमच्या घरात दोन सहाणा होत्या. एक देवाच्या चंदनाची आणि एक गुटीची. गुटीची सहाण आत्याबाईंची. ती दुसऱ्या कुणी हाताळलेली त्यांना खपत नसे. आत्याबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन त्या इथे गंगेकाठी दुर्गाघाटावर भावाकडे परत आल्या त्या कायमच्या. मग भाऊ गेला, भावजय गेली, माझे यजमानही गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. बँकेत नोकरी करणारी मी आणि ऐंशीकडे झुकलेल्या आत्याबाई.

गल्लीत मूल जन्मलं की सव्वा महिन्याच्या आत ते आत्याबाईंच्या मांडीवर यायचं. मराठी घरं आता थोडीच राहिली आहेत, पण हिंदी बोलणाऱ्या बायकाही आपली बाळं घेऊन जिना चढायच्या. त्यांच्यासाठी त्या बुआजी. आत्याबाई सहाणेवर चमचाभर दूध घेत आणि एकेक मूळ उचलून उगाळत. हिरड्याचा एक वळसा, वेखंडाचा अर्धा, सुंठेचा अगदी निसटता, जायफळ झोप नसेल तरच. वळसा म्हणजे सहाणेवर मूळ गोल फिरवायचं ते. सगळं माप वळशांत. मूल वाढेल तसे वळसे वाढवायचे. अंदाज डोळ्यांचा नसे, बोटांचा असे. मूळ दगडावर किती अडतं यावरून त्यांना कळायचं की किती उतरलं.

माझा स्वभाव याच्या अगदी उलट. मी याद्या करते. गॅस कधी लावला, पाण्याची टाकी कधी धुतली, कुणाला कोणतं औषध किती वाजता, सगळं फ्रिजच्या दारावर. आत्याबाई त्यावर हसायच्या. "सूनबाई, तू मरशील तेव्हा यमाला आधी सही करायला लावशील." आमचं असं चालायचं आणि बरं चालायचं.

भाद्रपदात माझी मुलगी आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन पुण्याहून आली. गंगा नुकतीच उतरायला लागली होती. पंचगंगा घाटाच्या खालच्या पायऱ्या गाळाखाली होत्या आणि नळाच्या पाण्याला मातीचा वास येत होता. मी पाणी उकळून, गाळून, वेगळ्या कळशीत ठेवत होते. तरी आल्यावर आठवड्याच्या आत बाळाला जुलाब सुरू झाले.

त्याआधीच एक गोष्ट बिनसली होती. आल्या आल्या आत्याबाईंनी सहाण काढली आणि मुलीने बाळाला उचलून घेतलं.

"आत्याआजी, गुटी नको. आमचे डॉक्टर नाही म्हणतात."

"तुला मीच दिली होती. वर्षभर. झालीस ना घोडी एवढी?"

"झाले. पण हिला नको."

"बरं बाई," आत्याबाई म्हणाल्या. "आता मुळंसुद्धा पुण्याला विचारून उगवणार." त्यांनी सहाण कपड्यात गुंडाळून ठेवली. गल्लीभरच्या पोरांना गुटी देणाऱ्या बाईला स्वतःच्या पणतीला देता येत नव्हती. हे त्यांना लागलं होतं. मला ते दिसत होतं, पण त्यावर करण्यासारखं काही नव्हतं. आई नको म्हणते तर नको.

जुलाब सुरू झाल्यावर मी आणि मुलगी बाळाला घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं, टाळू पाहिली, जीभ पाहिली. मीठ-साखरेच्या क्षाराची पुडी लिहून दिली. ती किती पाण्यात घालायची ते दोनदा सांगितलं. जस्ताची एक गोळी रोज, चमचाभर दुधात विरघळवून. अंगावरचं दूध चालू. आणि निघताना म्हणाले, "दस्त रोकने की कोई दवा नहीं देनी है. जितना जा रहा है, उतना पानी पिलाते रहिए. अपने आप रुकेगा."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं आत्याबाईंना सांगितलं.

"थांबवायचंच नाही?" त्या म्हणाल्या. "मग डॉक्टर कशाला? नुसतं पाणी पाजायला मी होते की."

मी फ्रिजवर कागद लावला. क्षाराचं पाणी, दूध, जस्ताची गोळी, शी, सू. रकाने पाडले. सकाळी मुलगी गोळी चमच्यात टाकायची. ती फसफसून विरायची आणि बाळ तोंड वाकडं करून घ्यायचं. आत्याबाई दारात उभ्या राहून हे बघायच्या. "मूळ नको, पण गोळी चालते," असं एकदा म्हणाल्या. त्यात कडवटपणा होता, दुसरं काही असेल असं कुणाला वाटलं नाही.

जुलाब दुसऱ्या दिवशीही होतेच. बाळ पीत होतं, खेळत होतं, सू होत होती. म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. पण लंगोट धुऊन धुऊन मुलगी दमली होती आणि बाळाची मांडी लाल झाली होती. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. तोवर बरीच रजा झाली होती आणि बँकेत माणसं कमी होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी मुलीचा फोन आला. आवाज हलका होता. "आई, मघापासून एकदाही शी नाही. थांबले वाटतं. आत्याआजीच्या मांडीवर झोपलीय. मीही जरा पडते."

मला बरं वाटलं. मी डबा खाल्ला.

पुढचा फोन आला तेव्हा तो हलका आवाज नव्हता. ती म्हणाली, "आई, ही उठत नाहीये. दुधाला तोंड लावत नाही. चिमटा काढला तर नुसती हलते."

"पाणी पाजू नकोस," मी म्हटलं. "झोपेत काही घालू नकोस तोंडात. कुशीवर धर. मी येते."

दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत गाडी येत नाही. मोठ्या रस्त्यावर रिक्षा सोडून मी पायी आत गेले. बाळ मुलीच्या खांद्यावर ओल्या कपड्यासारखं पडलं होतं. श्वास चालू होता, पण इतका सावकाश की एक गेल्यावर दुसरा येईपर्यंत आपला अडकायचा. पोट फुगलं होतं. आत्याबाई खिडकीशी बसल्या होत्या. "झोपू दे गं तिला. दमलीय पोर," त्या म्हणाल्या, पण आमच्याकडे न बघता.

मी फाईल घेतली, फ्रिजवरचा कागद काढून घेतला, लंगोट घेतले, आणि आम्ही निघालो. गल्लीत दर्शनाची रांग वळसे घेत उभी होती. मी पुढे आणि मुलगी मागे. "बच्चा है, रास्ता दीजिए," एवढं एकच वाक्य मी मोठ्या रस्त्यापर्यंत म्हणत गेले. लोक सरकत होते, काही वाकून बाळाकडे बघत होते. एका बाईने बाळाला नमस्कार केला. तो का केला ते मला कळलं आणि मी मागे वळून पाहिलं नाही.

इस्पितळात मुलांच्या विभागात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बाळाला खाटेवर घेतलं, नाकाशी प्राणवायूची नळी लावली, पापणी वर करून बॅटरी मारली. बुबुळाच्या मधला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. पोटाला स्टेथोस्कोप लावला तर आतून काही आवाज नाही, असं त्या नर्सला म्हणाल्या.

"क्या-क्या दिया है?"

मी कागद पुढे केला आणि वेळांसकट सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बहुत अच्छा. अब जो इसमें नहीं लिखा है, वो बताइए."

"और कुछ नहीं दिया."

"घुट्टी? अफ़ीम? नींद की कोई दवा? घर में किसी बुज़ुर्ग ने?"

मुलगी चिडली. "हम लोग पढ़े-लिखे हैं. अफ़ीम कौन देगा?"

"माताजी, मैं पुलिस नहीं हूँ," डॉक्टरबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. त्यांचे हात सुई भरत होते. "बच्ची की आँख कुछ कह रही है, आप कुछ और कह रही हैं. मैं सुई दे रही हूँ. पर क्या गया है और कितना गया है, ये पता चले तो मुझे मालूम रहेगा कि ये कितनी देर तक डूबेगी."

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. आत्याबाईंचा साधा फोन बराच वेळ वाजला.

"आत्याबाई, बाळाला काही दिलंत का?"

"नाही. काही नाही दिलं."

या बाईंनी आयुष्यात मला सरळ उत्तर दिलं नव्हतं. काहीही विचारलं की उलट प्रश्न यायचा. चहा घेणार का? तू करणार आहेस का? आज त्या सरळ नाही म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मुलीला बाळापाशी ठेवून मी परत निघाले. रिक्षा, मग तीच गल्ली, तीच रांग. चालताना मी एकच गोष्ट करत होते. घरात काय काय आहे ते मनात मोजत होते. झोपेची गोळी नाही. खोकल्याचं औषध माझ्या कपाटात, कुलूप. अफू कधी नव्हती. गुटीच्या मुळांत असं काही नाही. हिशेब जुळत नव्हता.

घरात शिरल्यावर पहिली दिसली ती सहाण. मोरीत, भिंतीला टेकवून उभी, ओली. आत्याबाई सहाण सकाळी धुवायच्या. दुपारी त्यांनी ती कधी धुतली नव्हती.

"काय उगाळलंत?"

त्या भिंतीला टेकून बसल्या. "तू मला घराबाहेर काढशील."

"आत्ता वेळ नाही मला कुणाला काढायला. काय होतं? दाखवा."

त्यांनी कमरेचा बटवा काढला. गाठ सुटेना. मी तो ओढून घेतला आणि जमिनीवर उपडा केला. सुपारी, लवंग, तुळशीचं वाळलेलं पान, आणि कात्रीने कापलेला चकचकीत पाकिटाचा तुकडा. त्यातल्या तिन्ही जागा फाटून रिकाम्या झालेल्या. शेजारी कागदात गुंडाळलेली एक पांढरी गोळी, पण ती पूर्ण नव्हती. ती एका बाजूने तिरकी झिजली होती. हिरडा झिजतो तशी, वळशांनी.

कुणी गोळीचे तुकडे करतं, कुणी चुरा करतं. गोळी सहाणेवर उगाळलेली मी कधी पाहिली नव्हती.

"कसली आहे?"

"उन्हाळ्यात मला झालं होतं ना. नाक्यावरच्या दुकानदाराने दिली होती, बंद व्हायची. एकीत थांबलं होतं मला."

"किती दिलीत?"

"जास्त नाही गं. वेखंडाचे देते तेवढेच. दोन वळसे."

"आणि?"

"नाही थांबलं. मग तासाने परत दोन. तेव्हा ती पहिली गोळी फुटलीच सहाणेवर. लगदा झाला. मग म्हटलं आता वाया कशाला." त्या थांबल्या. "आणि मग दुसरीचे थोडे. डॉक्टर पण पांढरी गोळीच देतो ना तिला. मी म्हटलं त्याच्या गोळीची ताकद कमी असेल."

"तीन वेळा?"

"पोरगी रडवेली झाली होती, सूनबाई. लंगोट धुऊन तिचे हात सोलले होते. मला बघवेना." मग हळू म्हणाल्या, "आणि मला वाटलं, थांबलं की तिला सांगेन. की बघ, आत्याआजीनेच थांबवलं."

मी गोळी आणि पाकिटाचा तुकडा रुमालात बांधला. दारातून मागे वळून विचारलं, "अजून काही? जायफळ? काहीही?"

"देवाशपथ नाही."

ते मात्र मी खरं मानलं, आणि ते खरं निघालं.

पाकिटाच्या तुकड्यावर नावाची शेवटची दोनच अक्षरं होती. बाकी नाव दुकानदाराकडेच राहिलेलं. मी इस्पितळात पोचले तेव्हा बाळाने सुईनंतर एकदा डोळे उघडले होते, रडलं होतं आणि परत बुडालं होतं. डॉक्टरबाईंनी ती झिजलेली गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. आत औषधाच्या खिडकीवर माणूस पाठवला. उत्तर आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. जुलाब थांबवणारी, मोठ्यांची. मोठ्या माणसाच्या आतड्याला ती थोडा वेळ निजवते. एवढ्या लहान मुलात ती तिथेच थांबत नाही. डोक्यापर्यंत जाते आणि श्वासालाही निजवते.

"घिस के दिया?" त्यांनी विचारलं. "चंदन की तरह?"

"जी."

त्यांनी ते कागदावर लिहिलं. आणि मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. पण तिने सहाण पाहिलेली होती, लहानपणापासून.

सुई दिली की बाळ जागं व्हायचं. सुईचा जोर लवकर उतरायचा, गोळीचा उतरायचा नाही. मग परत श्वास लांबायचा आणि यंत्र वाजायचं. परत सुई. असं पुढच्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. त्यानंतर श्वास सुधारला, पण पोट बसेना. ते नगाऱ्यासारखं ताठ होतं आणि नाकातून घातलेल्या नळीतून हिरवं पाणी येत होतं. शस्त्रक्रियेचे डॉक्टर येऊन पोटावर बोटं वाजवून जात. थांबलेलं आतडं परत चालू करायची सुई नसते, असं त्यांच्यातले एक म्हणाले. वाट बघायची.

मुलगी खाटेच्या लोखंडी कडेवर डोकं टेकून बसायची. जावई विमानाने आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला बोलावलं.

"आई, आत्याआजींवर तक्रार करता येईल ना?"

"करता येईल," मी म्हटलं.

"तुम्ही काय म्हणाल?"

"मला विचारलं तर जे झालं ते सांगेन."

तक्रार झाली नाही. पण तो विचार सोडला असंही तो कधी म्हणाला नाही.

त्या विभागात बसून मी बरंच पाहिलं. शेजारच्या खाटेवर तापाचं मूल होतं. त्याच्या बापाने थेंबांचं औषध चमच्याने दिलं होतं. ताप थेंबांनीही उतरतो आणि चमच्याने द्यायच्या पातळ औषधानेही, बाटलीवर चित्रही बाळाचंच. मग फरक काय, असं त्याला वाटलं. फरक इतका होता की त्या मुलाचं यकृत तपासायला रोज रक्त काढत होते. पलीकडे एका आजीने औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत मिसळलं होतं. मुलाने अर्धी प्यायली, मग आईने येऊन पूर्ण मात्रा परत दिली. कुणीही वाईट माणूस नव्हतं. सगळे काळजीने आले होते, आणि सगळ्यांनी पहिल्यांदा विचारल्यावर "और कुछ नहीं दिया" असंच सांगितलं होतं. मीही.

आंघोळीला मी घरी जायचे. आत्याबाई दाराशीच बसलेल्या असत. जेवत नव्हत्या. मी ताट वाढून समोर ठेवायचे, त्या ते पालथं घालायच्या नाहीत, पण शिवायच्याही नाहीत. विचारायच्या एवढंच.

"श्वास?"

"चालू आहे."

"पोट?"

"तसंच."

एकदा मी आंघोळ करून बाहेर आले आणि मला राग आवरेना. रागात मी आरडाओरडा करत नाही, काम काढते. मी सहाण मोरीतून उचलली आणि त्यांच्यासमोर पाटावर ठेवली. वर चमचाभर पाणी घातलं. हिरडा घेऊन दोन वळसे फिरवले. दगडावर पुसटशी पिवळट रेघ आली, पाणीही नीट रंगलं नाही. धुतलं. वेखंडाचे दोन वळसे. त्याहून पुसट. धुतलं. मग माझ्या कपाटातली डोकेदुखीची साधी गोळी घेतली आणि फिरवली. पहिल्या वळशातच दगड पांढरा झाला. दुसऱ्याला दाट गंध तयार झालं आणि बोटांत राहिली ती अर्ध्याहून कमी.

आत्याबाई वाकून बघत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"परत कर," त्या म्हणाल्या.

मी दुसरी गोळी घेऊन परत केलं.

त्यांनी हात पुढे केला आणि उरलेला तुकडा स्वतःच्या बोटांत धरून दगडावर एकदाच फिरवला. डोळे मिटून. मग हात तसाच राहिला.

"मूळ हाताला अडतं," त्या म्हणाल्या. "हे अडतच नाही."

साठ वर्षं त्यांची बोटं दगडावर माप घेत आली होती. त्या दिवशीही बोटांनी नेहमीचंच माप घेतलं होतं. मी सहाण धुतली, आणि माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

बाळाचं पोट शेवटी बसलं. एका सकाळी नर्सने लंगोट उघडून हाक मारली आणि आम्ही दोघी त्या घाणीकडे बघत उभ्या राहिलो. मुलगी रडली नाही. म्हणाली, "लिहून ठेव, आई." मी लिहिलं.

इस्पितळातून सुटल्यावर थोडे दिवस बाळाला गाडीप्रवास नको असं सांगितलं होतं, म्हणून ते तिघं आमच्याकडेच राहिले. जावई बाळाला घेऊन आतल्या खोलीत असायचा आणि दाराला आतून कडी असायची. बाळ वाळलं होतं, हाताला सुयांचे काळे डाग होते, पण हसत होतं. आत्याबाई स्वयंपाकघराच्या पलीकडे जात नव्हत्या. हसण्याचा आवाज आला की त्यांचं हातातलं काम थांबायचं.

याच दिवसांत गल्लीतली एक सून आपलं दोन महिन्यांचं बाळ घेऊन जिना चढून आली.

"बुआजी, घुट्टी दे दीजिए. रात-रात भर रोता है."

"अब नहीं देती. डॉक्टर को दिखा."

"क्या हुआ, हमसे नाराज़ हो गईं का?"

"मैंने अपनी नतिनी को गोली घिस के पिला दी," आत्याबाई म्हणाल्या. "मरते-मरते बची है. अंदर है. अब मेरे हाथ से कुछ मत ले."

ती सून आधी हसली, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून बाळाला पदराखाली घेऊन उतरून गेली. मला वाटलं, चला, एक तरी घर शहाणं झालं. पुढच्या आठवड्यात कळलं की ती ब्रह्मा घाटाकडच्या दुसऱ्या एका म्हातारीकडून गुटी घेते.

मी घरात जे बदलायचं ते बदललं. माझी, आत्याबाईंची, कुणाचीही गोळी आता वरच्या फळीवर, कुलुपात. बटव्यात फक्त सुपारी. प्रत्येक बाटलीचं माप त्याच बाटलीला रबराने बांधलेलं. घरात मूल असेल तेव्हा औषध एकच माणूस देणार, आणि दिल्यावर मोठ्याने सांगणार. आणि नाक्यावरच्या दुकानात मी उभी राहून सांगते की नाव असलेल्या बाजूचा तुकडा द्या. तो कुरकुरतो. "भाभीजी, दवा तो वही है." मी म्हणते, मला नाव हवं. नसेल द्यायचं तर पूर्ण पाकीट द्या. एकदा तो म्हणाला, आप बहुत शक करती हैं. मी हो म्हटलं.

निघायच्या दिवशी सामान जिन्यात गेलं होतं. जावई खाली हमालाशी बोलत होता. मुलगी बाळाला काखेत घेऊन चपला घालत होती. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांनी आंघोळ करून धुतलेलं लुगडं नेसलं होतं. बटवा कमरेला नव्हता. त्यांनी तो काढून ओट्यावर ठेवला होता, आम्हाला दिसेल असा.

"घेऊ का गं हिला? थोडी?"

मुलीने बाळाला काखेत वर सरकवलं.

आत्याबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि तळवे उघडून दाखवले. मग उलटे करून नखं दाखवली. मग परत तळवे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, म्हणून मुलीकडे बघत राहिले. ती त्या हातांकडे नीट बघत होती, बोटांच्या पेरांपर्यंत, जसं मीही बघितलं असतं.

"बस खाली," मग ती म्हणाली.

आत्याबाई तिथेच उंबऱ्याशी बसल्या. मुलगी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने लगेच त्यांचं नाक धरलं. आत्याबाईंनी मान हलवली नाही, बाळाला हातही लावला नाही. हात तसेच दोन्ही बाजूंना उघडे जमिनीवर ठेवले.

मुलीने आपला हात बाळाच्या पाठीखालून काढला नव्हता. खालून जावयाची हाक येईपर्यंत तो तिथेच होता. मग तिने त्याच हाताने बाळाला उचललं आणि ती जिना उतरायला लागली.